स्थानक पाडायचं गणित शेवटच्या धक्क्यापाशी अडतं

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २२० किलोमीटरपर्यंत खाली आणायचं बरंचसं काम हवाच करते. अधूनमधून इंजिनांनी वर ढकलणं थांबवलं की ४२० टनांचं हे धूड विरळ हवेतून घासत आपसूक उतरतं. एक्सेलमध्ये हा भाग चहा निवायच्या आत झाला. शेवटच्या धक्क्याची एक ओळ मात्र दोन आठवडे सुटेना.

कक्षेचं खालचं टोक ५० किलोमीटरवर आणायला वेग सेकंदाला ५१ मीटरने कमी करावा लागतो. मूळ वेग ७,७७० मीटर, त्यामुळे आकडा किरकोळ वाटतो आणि इथेच माणूस फसतो. पाडणाऱ्या यानासकट वजन ४५० टन धरा. इंधन पावणेआठ टन, ठीक. पण वेळ? रशियाच्या प्रोग्रेस या मालवाहू यानाची छोटी इंजिनं मिळून जेमतेम १,००० न्यूटन रेटा देतात, म्हणजे सहा तासांहून जास्त! तेवढ्यात पृथ्वीभोवती चार फेऱ्या होतात. धक्का हप्त्याहप्त्याने दिला, तर निम्म्यातच खालचं टोक १३५ किलोमीटरवर येतं. तिथली हवा पसरलेल्या सौरपंखांना धरते, स्थानक कलंडतं, इंजिनाचं तोंड भलतीकडे वळतं. मग ते पडणार, पण कुठे हे आपल्या हातात राहत नाही.

रशियाचं जुनं अंतराळ स्थानक मीर १३० टनांचं होतं, म्हणून २००१ मध्ये एका प्रोग्रेसवर भागलं. त्याचे आकडे सरसकट तिपटीने वाढवू नका. मी तेच करत बसलो होतो.

गाठ सुटते ती रेट्याने. १०,००० न्यूटन मिळाले तर काम ३८ मिनिटांत, अर्ध्या फेरीच्या आत उरकतं. नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सकडे सोपवलेल्या यानाला ४६ ड्रॅको इंजिनं आहेत ती उगाच नाहीत. एक ड्रॅको साधारण ४०० न्यूटनचं. पंचवीसेक एकदम पेटवायची. एकच दांडगं इंजिन लावलं तर जोड आणि सौरपंख तो झटका सोसणार नाहीत.

हे खरं तर आधी सांगायचं: उतरण्याचे महिने मोजताना सूर्य विसरू नका. सूर्य तापला की वरची हवा फुगते आणि स्थानक लवकर खाली येतं. स्कायलॅब या अमेरिकी स्थानकाचा अंदाज असाच चुकला आणि १९७९ मध्ये तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. इंधनही पावणेआठ टनांवर थांबवू नका. तोल सांभाळायला आणि आधीच्या उतरंडीला धरून नव्या यानात सुमारे १६ टन आहे.