बरणीतला कोष आणि अर्जातले दोन रकाने

जानेवारीत हरभरा घाट्यांनी भरला, तेव्हा पानांवर तांदळाच्या दाण्याएवढे कोष दिसले. राखाडी-पांढरे, वर काळसर ठिपके, आणि शेजारी चिकटलेलं बारक्या अळीचं वाळकं कातडं. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ही घाटेअळीचीच पिल्लावळ. पंप काढा." पण घाटेअळी कोषात जाते मातीत, पानावर नाही. म्हणून आठ कोष बरणीत घातले आणि सोलापूरची एस.टी. धरली.

तिथल्या कृषी कार्यालयानं मला तीन खेपा घालायला लावल्या. अर्जात रकाने दोनच, 'कीड' आणि 'रोग'. मी "मित्रकीटक असावा" लिहिलं, तर बाईंनी अर्ज परत सरकवला. "कीड लिहा, नाहीतर आवक-नोंद होत नाही." कीड लिहिलं, तर पुढच्या टेबलावर औषधाच्या नावाची चिठ्ठी मिळाली. बरणीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. "साहेब दौऱ्यावर हायत, नमुना ठेवून जावा." जागा दाखवली ती उन्हाच्या खिडकीत. मी ठेवला नाही. दुसऱ्या खेपेला सांगितलं, ट्रायकोकार्ड लावा. त्या कार्डातली ट्रायकोग्रामा ही चिमुकली माशी पतंगाच्या अंड्यांवर काम करते, आणि हरभऱ्याच्या आंबेत, म्हणजे पानांवरच्या आंबट रसात, तिचा निभाव लागत नाही. माझा प्रश्न कोषाचा होता!

अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मात्र घ्याच. तो नव्हता म्हणून तिसऱ्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी. बरणी मांडीवर घेऊन दोन तास बाकड्यावर बसलो, आणि तिथेच आत काहीतरी हललं. कोषाचं टोक कापून बारीक कंबरेची, लांब मिशांची काळपट माशी बाहेर आली होती. मी ओरडलोच.

ते ऐकून आतून एक वयस्कर कर्मचारी भिंग घेऊन आले. "कॅम्पोलेटिस क्लोरिडी आहे ही. फवारू नका." मादी लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते, सोबत एक विषाणूही सोडते, त्यानं अळीची प्रतिकारशक्ती बसते. आतलं पिल्लू तिला पोखरून बाहेर येतं आणि कोष विणतं. एका अळीतून एकच माशी. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी नऊ दिवस जिवाला घोर लावून काढले.

बरणीला झाकण लावू नका, फडकं आणि रबर लावा. ओलं पान आत ठेवू नका. माझ्या दोन कोषांना बुरशी आली.

घरी येऊन ओळी मोजल्या. मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या दिसल्या तर फवारायचं, असं धरतात. माझ्याकडे चार मीटरमध्ये एक सापडली. पंप काढला नाही, अळ्या टिपायला पक्षी बसावेत म्हणून नुसते पक्षीथांबे रोवले. कडेची कोथिंबीर फुलावर होती. माश्यांना मधुरस लागतो, म्हणून तिथेच बरणी आडवी केली आणि सहाही उडेपर्यंत उभा राहिलो.