बायोलॉजी शिकले आणि देव मानायला लागले, उलटं नाही

बायोलॉजी शिकलेली माणसं नास्तिक होतात असा एक समज आहे आणि आमच्या बॅचमधले बरेच जण झालेही. माझं मात्र उलटं झालं. कॉलेजला आले तेव्हा देव आहे की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, परीक्षेच्या आधी हात जोडायचे इतपतच संबंध, आणि पोस्ट ग्रॅज्युएशन संपेपर्यंत मी ज्याला श्रद्धा म्हणता येईल अशा कशापर्यंत तरी येऊन पोचले होते. लोक विचारतात हे कसं काय, आणि मला तोंडी सांगताना नेहमी गोंधळायला होतं, म्हणून लिहूनच काढते.

आधी एक क्लिअर करते. "डोळा बघा किती कॉम्प्लेक्स, म्हणजे कुणीतरी बनवलाच असणार" हे माझं म्हणणं अजिबात नाही. डोळा कसा उत्क्रांत झाला असेल याच्या पायऱ्या आजही जिवंत प्राण्यांत बघायला मिळतात, कुणाकडे फक्त उजेड-अंधार कळणारा ठिपका, कुणाकडे त्याची वाटी झालेली, नॉटिलस नावाच्या शंखवाल्या समुद्री प्राण्याकडे भिंग नसलेला नुसत्या भोकाचा डोळा. आणि आपल्या डोळ्यात तर पडद्यावरच्या नसा पुढच्या बाजूने येतात, मग त्यांना बाहेर पडायला भोक लागतं आणि तिथे आपल्याला दिसतच नाही. ऑक्टोपसला ही भानगड नाही. कुणी डिझायनर असलाच तर ऑक्टोपसवर त्याची मर्जी जास्त होती म्हणायची. शिवाय जिथे सायन्सला उत्तर येत नाही तिथे देव बसवायचा म्हटलं तर दर वर्षी त्याला थोडं थोडं सरकायला सांगावं लागतं, आणि असा सतत जागा खाली करून देणारा देव मला नको.

माझ्या बाबतीत जे झालं ते उत्तरं मिळाल्यामुळे झालं, न मिळाल्यामुळे नाही.

भ्रूणशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कोंबडीचं अंडं उबवून त्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून आत बघायचं असतं. दुसऱ्या दिवशीचा भ्रूण म्हणजे काय तर नखाएवढं पारदर्शक काहीतरी, पाय नाहीत, पंख नाहीत, पण मध्ये एक लाल ठिपका आणि तो धडधडतोय. अजून ते हृदय धड हृदयासारखं दिसतही नसतं, वाकडी झालेली नळी असते नुसती. वर्गात सगळे जरा वेळ गप्प झाले आणि मग सर म्हणाले डायग्राम काढा. मी काढला. पण नंतर वाचत बसले आणि कळलं की हृदयाच्या पेशी सुट्या करून डिशमध्ये वाढवल्या तरी त्या एकेकट्या धडधडतात, प्रत्येक आपापल्या तालात, आणि वाढता वाढता दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की थोड्या वेळाने दोघींचा ताल एक होतो. मेंदू नाही, नस नाही, सांगणारं कुणी नाही. का होतं हे नीट माहितीये, पेशींच्या मध्ये बारीक मार्ग तयार होतात, आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण इकडून तिकडे जातात, सगळं पुस्तकात आहे आणि परीक्षेत मी लिहिलंही. पण ते लिहिता येतं म्हणून अंगावर काटा यायचा थांबला नाही, उलट तेव्हापासून जास्त यायला लागला.

मग एकामागून एक होतच गेलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाउस हे वाक्य शाळेपासून पाठ होतं, पण हे पॉवरहाउस एके काळी स्वतंत्र बॅक्टेरिया होतं, कधीतरी दुसऱ्या पेशीच्या आत गेलं आणि तिथलंच होऊन गेलं, हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते. लिन मार्ग्युलिस या जीवशास्त्रज्ञ बाईने 1967 मध्ये यावर पेपर लिहिला, त्याआधी कितीतरी जर्नल्सनी तो परत पाठवला होता. आज त्याबद्दल कुणी वाद घालत नाही कारण मायटोकॉन्ड्रियाकडे अजूनही स्वतःचा वेगळा गोल डीएनए आहे, 16,569 अक्षरांचा, आणि तो आपल्याला आईकडून येतो. त्याहून अजब म्हणजे आपल्या जीनोमचा, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएचा, साधारण 8 टक्के भाग जुन्या व्हायरसांचा आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांना इन्फेक्शन झालं आणि ते डीएनएमध्येच राहून गेलं. त्यातल्याच एका व्हायरसचं प्रोटीन, सिन्सिटिन नाव त्याचं, आज वार (प्लासेंटा) तयार व्हायला लागतं. व्हायरस ज्या युक्तीने पेशीत घुसायचा त्याच युक्तीने आता वारेच्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि त्या थरातून बाळाला आईकडून खायला मिळतं. एका जुन्या आजारपणाच्या जोरावर आपण सगळे जन्माला आलोय. हे वाचल्यावर "मी" म्हणजे नक्की कोण हा प्रश्न मला अध्यात्माच्या पुस्तकातला वाटेनासा झाला, तो सरळ लॅबमधला प्रश्न झाला.

आणि सगळी जीवसृष्टी एकच घर आहे याचा पुरावा तर औषधाच्या बाटलीत आहे. 1978 मध्ये माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय बॅक्टेरियात घातला आणि त्या बॅक्टेरियाने तो वाचून माणसाचं इन्सुलिन बनवलं. म्हणजे बघा, आपला आणि त्याचा शेवटचा समान पूर्वज अब्जावधी वर्षांपूर्वीचा, तरी लिपी अजून तीच. शिवाय पेशी पेशीतूनच जन्मते, म्हणजे माझ्या शरीरातल्या कुठल्याही पेशीपासून मागे जात राहिलं तर आई, आजी, तिची आजी, मग माणूस नसलेले पूर्वज, मग मासे, मग एकपेशीय काहीतरी, आणि या पूर्ण साखळीत एकदाही, अक्षरशः एकदाही, खंड पडलेला नाही, पडला असता तर मी हे टाइप करत नसते. साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त काळ जे चालू आहे त्याचं सध्याचं टोक म्हणजे मी, आणि बाहेर झाडावर बसलेला कावळाही तेवढाच. ज्याला "मोठं चित्र" म्हणतात ते मला इथे दिसलं.

पण इथेच थांबले तर हे फारच गोड गोड होईल. डार्विनने 1860 मध्ये एसा ग्रे या आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं होतं की जिवंत सुरवंटाच्या आत राहून त्याला खाणारी गांधीलमाशीची जात कुणा दयाळू देवाने मुद्दाम बनवली असेल हे मला पटत नाही. मलाही पटत नाही. आणि माझ्या अगदी जवळच्या माणसाला कॅन्सर झाला तेव्हा तर ही सगळी अद्भुतता मला नकोशी झाली होती, कारण तिथेही तेच, पेशी विभागताना डीएनए कॉपी होतो, चुका दुरुस्त करणारी एन्झाइम्स असतात आणि ती कमालीचं काम करतात, तरी काही चुका सुटतात, त्या साठत जातात. पण चूक अजिबात होऊच नये अशी व्यवस्था असती तर कॅन्सर नसता आणि आपणही नसतो, सुरुवातीची ती पहिली पेशीच स्वतःच्या कॉप्या काढत बसली असती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं, यात दिलासा वगैरे काही नाहीये. फक्त "आमच्याच घरी का" हा प्रश्न हळूहळू सुटला, म्हणजे उत्तर मिळालं असं नाही, विचारायची गरज राहिली नाही. कुणी शिक्षा देत नव्हतं. मी ज्याला देव मानते तो नवस ऐकणारा किंवा हिशोब ठेवणारा नाही, ही जी अखंड चाललेली गोष्ट आहे तिच्यात काहीतरी पवित्र आहे असं मला वाटतं आणि तिच्यावर माझा भरवसा आहे, त्यातला माझा भाग संपल्यावरसुद्धा.

जाता जाता, आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता, उत्क्रांतीचा अभ्यासक डोबझान्स्की श्रद्धाळू ख्रिश्चन होता, माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या ह्यूमन जीनोम प्रोजेक्टचा प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स आधी नास्तिक होता असली लिस्ट लोक मला फॉरवर्ड करतात. प्लीज नका करू. डार्विन शेवटी स्वतःला अज्ञेयवादी म्हणायचा, त्याने देव खोटा ठरत नाही आणि मेंडेलने देव खरा ठरत नाही.

माझी एक मैत्रीण आहे, माझ्याच बॅचची, पक्की नास्तिक. ती म्हणते तुझा देव काही करत नाही, काही मागितलं तर देत नाही, मग सरळ निसर्ग म्हण की, देव कशाला? मी म्हटलं निसर्गाला थँक यू म्हणताना मला ऑकवर्ड वाटतं. त्यावर ती म्हणाली, हे जे तुला भरून वगैरे येतं ना ते डोपामाइन आहे फक्त, मेंदूतलं एक रसायन. असेल की! तो चॅप्टर आम्ही दोघींनी एकत्रच बसून वाचला होता आणि त्यात तिच्यापेक्षा मला जास्त मार्क होते.