तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांनी लिहिलेलं भूत

"चौघं मिळून भुताची गोष्ट लिहिता, मग भीती पातळ नाही का होत?"

हा प्रश्न मला दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर चोपड्याहून जळगावला जाताना बसमध्ये उभ्याउभ्या एका काकांनी विचारला, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत त्यांचा थांबा आला. ते उत्तर आज लिहिते.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझं झेरॉक्सचं दुकान. दुसरा केळीचा शेतकरी, तिसरा वायरमन, चौथ्या, शाळेतल्या बाई. दोनशे पानी लाल पुठ्ठ्याची एक वही आमच्यात फिरते. ज्याच्या घरी वही, त्याने आठ दिवसांत पुढचा भाग लिहायचा आणि दुसऱ्याकडे द्यायची. गोष्टी भुताच्या, रहस्याच्या, नाहीतर नुसत्याच चमत्कारिक.

पण मिळून गोष्ट रचायला मी वहीतून शिकले नाही, धाब्यावर शिकले. उन्हाळ्यात आम्ही सगळे घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, झोपायचो. मोठी माय अश्वत्थाम्याची गोष्ट काढायची. आपल्याकडे तो परका नाही. सातपुड्यात धडगावच्या बाजूला अस्तंब्याचं शिखर आहे, दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास लोक रात्रभर चालून त्याच्या यात्रेला जातात. तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडावरच्या महादेवाला तो रोज पहाटे फूल वाहून जातो, असंही सांगतात. मोठी माय सांगायची, तिच्या माहेरी एकदा दिवेलागणीला दारात एक उंच माणूस आला, कपाळाला फडकं बांधलेलं, जखमेसाठी तेल मागत होता. एवढंच. मग अंधारातून काका म्हणायचे, त्या फडक्यावर माशा होत्या, रात्र पडली तरी उठत नव्हत्या. थोड्या वेळाने आत्या म्हणायची, तेलाची वाटी परत आली ती कोरडी ठणठणीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाताला कोमट लागत होती. मी गोधडीतून विचारायचे, "मंग काय जयं?" मोठी माय म्हणायची, "ते आते इचारू नको."

तिघांपैकी कुणीच दुसऱ्याचं खोडलं नाही. माशा खोट्या, असं आत्या म्हणाली नाही. जे समोर आलं ते खरं धरून तिने त्यावर आपलं एक ठेवलं. एकट्या मोठ्या मायची गोष्ट मी विसरलेही असते. ती कोमट वाटी मात्र अजून माझ्या हातात आहे.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. एकटा लेखक लिहितो तेव्हा पुढे काय आहे ते निदान एकाला तरी ठाऊक असतं, आणि वाचकाला ते कुठेतरी कळत असतं. चौघं लिहितात तेव्हा ते कुणालाच ठाऊक नसतं. वही घरी आली की पहिली घाबरते ती मी, कारण मागच्याने काय करून ठेवलंय ते मला माहीत नसतं. ही भीती खोटी आणता येत नाही, ती तशीच पानावर उतरते.

हे मला चूक करून कळलं. आमच्या पहिल्या गोष्टीत वायरमनने विजेच्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, एक बाई उभी केली होती. पाऊस असो नसो, तिचं लुगडं ओलं. बाईंनी त्यात तिच्या पावलांच्या चिखलाचा रंग घातला, आमच्या काळ्या मातीचा नाही, तांबडा. माझी पाळी आली आणि मी सगळं उलगडून टाकलं: ती कोण, कुठल्या विहिरीत गेली, कुणामुळे गेली. चार पानं भरून लिहिलं, मला वाटलं फार छान जमलं. वही पुढे गेली आणि सव्वा महिना परत आली नाही. शेवटी बाईंनीच आणून दिली. म्हणाल्या, "आता तिच्याबद्दल लिहायला काही उरलंच नाही हो." ती गोष्ट तिथेच मेली.

त्या दिवसांत मला वेताळपंचविशी नव्याने कळली. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती आहे, आणि आपण सगळेच ती लहानपणी ऐकतो. राजाने कोड्याचं उत्तर दिलं की वेताळ पुन्हा झाडावर. शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच वेताळ खांद्यावर टिकतो. मी उत्तर देऊन टाकलं होतं.

रहस्यकथेचं मात्र तसं नाही, आणि ही गल्लत फार जण करतात. तिथे उत्तर हे वाचकाचं देणं आहे. लंडनच्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सभासदांनी १९३१ साली 'द फ्लोटिंग ॲडमिरल' नावाची कादंबरी मिळून लिहिली. चेस्टरटन, अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स अशी मोठी माणसं त्यात, एकेकाचं एकेक प्रकरण. नियम असा, की पुढच्याला नुसतं अडचणीत आणायला काही घुसडायचं नाही, लिहिताना आपल्या मनात खुनाचा पूर्ण उलगडा तयार हवा, आणि तो आपल्या प्रकरणासोबत लिहूनही द्यायचा. पुस्तकाच्या शेवटी ते वेगवेगळे उलगडे छापलेत. मला हा नियम अतिशय प्रामाणिक वाटतो. आम्हीही रहस्याला तोच लावला. प्रत्येकाचं बंद पाकीट माझ्या दुकानातल्या गल्ल्याखाली असतं. भुताच्या गोष्टीला पाकीट नाही.

जपानमध्ये जुन्या काळी लोक रात्री जमून शंभर वाती लावायचे, एकेक भुताची गोष्ट झाली की एकेक वात विझवायची. खोलीत दर गोष्टीगणिक अंधार वाढत जायचा. अनेक लेखकांच्या कथा एकत्र वाचताना मला तेच वाटतं. मराठीत दिवाळी अंकांनी हे काम केलं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही वाट. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी तर आपल्या कित्येक पिढ्यांची झोप घालवली. अंकात एकाची कथा संपून दुसऱ्याची सुरू झाली की आधीच्याने शिकवलेली सावधगिरी उपयोगी पडत नाही. तुम्ही खिडकीकडे बघत असता आणि हा नवा माणूस माजघरातून येतो.

आणि प्रत्येकाची भीती त्याच्या कामातून येते. आमच्या शेतकऱ्याने एकदा माझं पान वाचून मान हलवली. मी लिहिलं होतं, रात्री केळीत वाऱ्याने फाटकी पानं वाजतात तेव्हा कुणी चालतंय असं वाटून गोष्टीतला माणूस दचकला. शेतकरी म्हणाला, "ताई, पानं तर रोजच वाजतात. शेताला लाईट रात्रपाळीची असली की पाणी द्यायला मी दीड वाजता बॅटरी घेऊन एकटा बागेत असतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज चालू आहे तोवर सोबत असल्यासारखं वाटतं. मोटार बंद पडली ना, की मग सगळं ऐकू येतं." मी शंभर भयकथा वाचल्या असतील, पण मला हे सुचलं नसतं. मी रात्री दीड वाजता कधी केळीत उभी राहिलेच नाही.

म्हणून यंदा आम्ही चौघांनी वेगवेगळ्या गोष्टी लिहायच्या ठरवल्या, पण जागा एकच: तीच विहीर, तोच मोटारीचा कोठा, तीच लाईट यायची वेळ. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही, उलगडायचंही नाही. वायरमनची झाली. बाईंचीही झाली, त्यात कोठ्याच्या दाराला आतून लावलेली कडी आहे. शेतकऱ्याने काल रात्री वही दुकानात टाकली आणि काही न बोलता गाडीला किक मारून गेला. शटर अर्धं ओढून मी तिथेच वाचली. त्याची गोष्ट दीड पानाची आहे. शेवटची ओळ अशी: "मोटार बंद पडली. पाणी येतच होतं."

पुढचं पान माझं आहे.