स्क्रीनवरही दिसावं आणि फाइलमध्येही उरावं

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात पोर्तुगीज काळातल्या जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. स्कॅनिंग झालं होतं, आता त्या चित्रांतून मजकूर काढायचा होता. त्यासाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर निवडलं, कारण ते मोफत आहे आणि त्याला मराठी येतं. शिवाय भाषेच्या जागी मराठी आणि पोर्तुगीज अधिक चिन्हाने जोडून दोन्ही एकदम देता येतात. आमच्याकडे एकाच पानावर एक रकाना मराठी आणि शेजारचा पोर्तुगीज असं सर्रास सापडतं, त्यामुळे ही सोय फार मोलाची. एकेक पान टेसरॅक्टकडे देणारी आणि त्या पानाचं नाव छापणारी छोटी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली.

पण ते छापलेलं जावं कुठे? वाचनालयाचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे भाई मूळ खंड मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर बसायचे. एखादं पान वाचता आलं नाही की लगेच खंड उघडून पाहायचे, वाळवीने खाल्लंय की शाई उडालीय ते सांगायचे. त्यांना सगळं चालू असतानाच दिसायला हवं. मला मात्र रात्री घरी बसून, कुठली पानं पुन्हा स्कॅन करायची याची यादी काढायची होती, म्हणजे फाइल हवी. नुसतं > लावून फाइलकडे वळवलं तर भाईंसमोर काळा पडदा. "खंय पावलें गो?" असं त्यांनी दर थोड्या वेळाने विचारावं आणि मी फाइल उघडून सांगावं, असं काम होत नाही.

यावरचा उपाय युनिक्स या संगणकप्रणालीत पन्नासेक वर्षांपासून आहे. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारा पाइप 1973 मध्ये आला, त्यामागची कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांची. टी (tee) ही कमांडही त्याच काळातली. नळजोडणीतल्या टीसारखीच ती वागते: आलेला प्रवाह सरळ पुढे स्क्रीनवर जाऊ देते आणि त्याचाच एक फाटा फाइलमध्ये सोडते. -ए दिलं तर जुन्या नोंदीखाली भर घालते, नाही दिलं तर फाइल पुसून नव्याने सुरू करते. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून -ए आमच्याकडे कायमचंच आहे, आणि दर वेळी सुरुवातीला तारीख-वेळेची एक ओळ.

खरी गंमत पुढे आहे. पान कोरं वाटलं की टेसरॅक्ट "एम्प्टी पेज" असं सांगतं. स्क्रीनवर ही ओळ दिसत होती, फाइलमध्ये तिचा मागमूस नव्हता. कारण टेसरॅक्ट असल्या सूचना नेहमीच्या आउटपुटवर न देता चुकांच्या वेगळ्या मार्गावर देतं, आणि पाइपमधून जातो तो फक्त पहिला मार्ग. म्हणजे ज्या ओळींसाठी फाइल हवी होती, नेमक्या त्याच गळत होत्या. पाइपच्या आधी 2>&1 लिहिलं की दुसरा मार्ग पहिल्याला मिळतो.

मग ओळी फाइलमध्ये आल्या, पण भलत्याच जागी. आधी "एम्प्टी पेज" लागोपाठ आणि खाली पानांच्या नावांची मोठी रांग. कुठलं पान कोरं, काही कळेना. स्क्रीनवरही तेच: बराच वेळ नावं नाहीत, मग एकदम ढीग. समोर टर्मिनल असेल तर पायथन ओळ पूर्ण होताच सोडतं. समोर पाइप दिसला की मात्र काही किलोबाइट साठेपर्यंत धरून ठेवतं. टेसरॅक्टची सूचना तशी थांबत नाही, म्हणून ती नावाच्या आधी पोचते. टीचा यात काही संबंध नाही, ती आलेलं लगेच पुढे देते. पायथनला -यू दिलं, म्हणजे काही धरून न ठेवता लगेच सोडायला सांगितलं, आणि प्रत्येक तक्रार आपापल्या पानाखाली बसली. अखेरची ओळ अशी:

पायथन -यू वाचन.पीवाय 2>&1 | टी -ए नोंद.टीएक्सटी

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचं असंच अडलं तर ओळ पूर्ण होताच सोडायला लावणारी स्टडबफ -ओएल ही कमांड बहुतेक वेळा उपयोगी पडते.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती सहज नजरेतून सुटते. वाचन नीट झालं तरच त्या खंडाचं फोल्डर "झालेले" मध्ये हलवायचं, अशी && ची जोड मी पुढे दिली होती. पण बॅश, म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, पूर्ण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवतं, आणि शेवटी टी आहे. स्क्रिप्ट मधेच कोसळली तरी टीचं काम सुरळीत झालेलं असतं, म्हणजे निकाल यशस्वी! मुद्दाम एक मोडकी चित्रफाइल देऊन मी तपासलं. स्क्रिप्ट थांबली आणि अर्धवट वाचलेलं फोल्डर खुशाल "झालेले" मध्ये गेलं. ते परत आणून वरती सेट -ओ पाइपफेल लिहिलं, म्हणजे पाइपलाइनमधली कुठलीही कमांड फसली तरी निकाल अपयशी धरायचा, तेव्हा तीच फाइल देऊनही फोल्डर जागचं हललं नाही. शंभर वर्षं जपलेला कागद केवळ एका चुकीच्या निकालामुळे न वाचता राहावा, हे मला चालणार नाही. पाइप असलेल्या माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ही ओळ आता असते.

कंट्रोल-सी दाबून काम थांबवलं तर टीही सोबत मरते आणि स्क्रिप्टचे शेवटचे शब्द हरवू शकतात. टीला -आय दिलं की ती तो इशारा मानत नाही, राहिलेल्या ओळी लिहून मगच थांबते. भाईंना दुपारी जेवायला उठताना काम थांबवायची सवय आहे, त्यामुळे तेही घातलंय.

आता मी रात्री ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडने कोरी पानं वेगळी काढते, वरची एक ओळ सोबत घेऊन, म्हणजे पानाचं नाव मिळतं. सकाळी भाई त्या यादीवर खुणा करतात: हे खरंच कोरं, हे पुन्हा स्कॅन, आणि ह्याच्यावर नुसतं चित्र आहे, ते तसंच ठेव.