स्कॉट्स शब्दांची वही: पाऊस झाला, आता फसव्या शब्दांची पाळी

स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडमध्ये बोलली जाणारी, इंग्रजीची जवळची नातेवाईक. ती शिकताना मी शब्दांची वही ठेवतो, आणि तिच्यातलं पावसाचं पान एकदाचं भरलं. ड्रीख, स्मर, हार, ड्रूकिट हे शब्द आता बोलण्याच्या ओघातही कानाला लागतात. ड्रीख म्हणजे ओली, राखाडी, संपता न संपणारी हवा. पूर्वी हा शब्द लांबलेल्या, रटाळ गोष्टीलाही लावत. चर्चमधलं कंटाळवाणं प्रवचनसुद्धा ड्रीख. स्मर म्हणजे छत्री उघडावी की नको असा प्रश्न पडावा इतकी बारीक भुरभुर. हार हा पाऊस नव्हेच, उत्तर समुद्रावरून पूर्व किनाऱ्यावर चढून येणारं गार धुकं. चिंब भिजलेला माणूस ड्रूकिट. बर्फाला मात्र मी मुद्दाम हात लावलेला नाही. २०१५ साली ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बर्फाशी संबंधित ४२१ शब्द मोजले होते! त्यातला फीफल तेवढा उचलला: कोपऱ्याशी बर्फ गरगरत फिरतो, ते फीफल.

स्वभावाचं पानही बरंच पुढे गेलंय. क्रॅबिट म्हणजे तिरसट, ग्लेकिट म्हणजे बावळट चेहऱ्याचा, स्कनर्ड म्हणजे पार वैतागलेला, विटलेला. आजाऱ्यासारखा पांढराफटक दिसणारा तो पीली-वॉली. शूगली म्हणजे डुगडुगणारं, आणि त्यावरून आलेला वाक्प्रचार मला या सगळ्यांत जास्त आवडतो: ‘तुझा कोट शूगली खुंटीवर आहे’. म्हणजे तुझी नोकरी आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. संघ लागोपाठ हरू लागला की फुटबॉल मॅनेजरचा कोट हमखास या खुंटीवर टांगला जातो.

पण असे रंगीत शब्द सोपे असतात. अनोळखी दिसतात, म्हणून आपण थांबतो, शोधतो. खरी गंमत इंग्रजीचा वेष घालून येणाऱ्या शब्दांत आहे. ग्रीट करणं म्हणजे नमस्कार-चमत्कार नव्हे, रडणं. ‘मेसेजेस आणायला जाते’ म्हणणारी बाई वाणसामान आणायला निघालेली असते. पीस म्हणजे सँडविच; जॅम लावलेला असेल तर जीली पीस. ‘कुठे स्टे करता?’ हा प्रश्न हॉटेलचा नाही, घराचा. माइंड म्हणजे आठवणं. हाऊ कधीकधी ‘कसं’ नसून ‘का’ असतो.

सगळ्यांत बेरकी डाउट, उच्चार डूट. ‘आय डूट इट्ल रेन’ ऐकून छत्री घरी ठेवाल तर भिजाल. पावसाची शंका वाटते असं तो म्हणतच नाहीये; त्याच्या मते पाऊस येणारच. या गटासाठी वहीत वेगळी पानं केली आहेत, आणि प्रत्येक शब्द अख्ख्या वाक्यासकट लिहितो. सुट्या शब्दाचा इथे काही उपयोग नाही.

नवीन मंडळींसाठी: स्कॉटिश नॅशनल डिक्शनरीचे दहा खंड १९७६ साली पुरे झाले आणि २००४ पासून ते इंटरनेटवर फुकट बघता येतात. अर्थ वाचून पान बंद करू नका. उदाहरणाशेजारी प्रदेशाची खूण असते, ती बघा. मूल पूर्वेकडे नि उत्तरेकडे बेर्न असतं, ग्लासगोच्या बाजूला वेन. दोन्ही एका दमात वापरलेत तर तुम्ही नक्की कुठले, हे कुणालाच कळणार नाही.

ही बोली की भाषा, या वादात मी पडत नाही. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सबद्दल पहिल्यांदा विचारलं, तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी ती बोलता येते असं सांगितलं. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक या तिथल्या जुन्या केल्टिक भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. मालवणी-वऱ्हाडी बोलणाऱ्यांना हा वाद नव्याने समजावून सांगायला नको.

आता गाडी अडली आहे ती स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या डोरिक या स्कॉट्सच्या बोलीपाशी. तिथे ‘व्हॉट’चा फिट होतो, ‘व्हेअर’चा फार, ‘हू’चा फा. मुलगा लून, मुलगी क्वाइन. ‘फिट लाइक?’ म्हणजे कसं काय. ‘फूज यर डूज?’ म्हणजे तुझी कबुतरं कशी आहेत, आणि त्यावरचं ठरलेलं उत्तर ‘आय पेकिन’, दाणे टिपतायत. कागदावर सगळं समजतं. दोन म्हातारे वेगाने बोलायला लागले की अर्ध्याहून जास्त निसटतं. म्हणून सध्या एकच छोटी ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकतोय. उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची बोली त्यानंतर. तिच्यात नॉर्न या तिथल्या जुन्या, आता लुप्त झालेल्या भाषेचे शब्द भरपूर आहेत, दोन्ही एकदम घेतल्या तर खिचडी होईल.

तेलाच्या नोकरीनिमित्त डोरिकच्या मुलखात, ॲबर्डीनला राहिलेलं कुणी असेल तर एवढं सांगा: बसमध्ये, दुकानात तरुण पोरं आपसांत ‘फिट लाइक’ म्हणतात, की ते आजी-आजोबांपुरतंच उरलंय?