बॅग खरी, कार्ड खोटं

चामड्याच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे इंदुरात लोक दोनच कारणांनी यायचे: चेन गेली किंवा हँडल तुटलं. आता तिसरं कारण निघालंय. "काका, ही ओरिजिनल आहे का तेवढं बघून द्या ना." या कामाचे पैसे पडतात हे फार कमी लोकांना पटतं. नुसती बघायलाच तर आणलीय, शिवायला थोडीच!

गेल्या महिन्यात सुदामानगरातून मायलेकी आल्या. हातात लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच कंपनीची स्पीडी ३० मॉडेलची बॅग, तपकिरी मोनोग्रॅमची, म्हणजे अंगभर कंपनीच्या अक्षरांची नक्षी असलेली. ओळखीतल्या एका बाईंनी विकायला काढलेली, सांगितलेली किंमत साठ हजार, आणि 'दोन दिवस घरी ठेवून बघा' अशी सवलत. सोबत धूळ बसू नये म्हणून कापडी पिशवी, पितळी कुलूप-किल्ली आणि सोनेरी अक्षरांचं प्लास्टिकचं ऑथेंटिसिटी कार्ड. मुलीची सगळी भिस्त त्या कार्डावर. आईला मात्र बॅगच पटत नव्हती. "अहो दादा, मागच्या बाजूला अक्षरं उलटी आहेत. आणि हे चामडं कुठंय, हे तर रेक्झिन आहे!"

काकूंचं बघणं अचूक होतं, निष्कर्ष दोन्ही चुकले होते. मोनोग्रॅम कॅनव्हास हे चामडं नसतंच. ते लेप दिलेलं सुती कापड आहे. चामडं असतं ते हँडल, पट्ट्या आणि कडेच्या गोटाला. आणि स्पीडीचा कॅनव्हास एकाच अखंड तुकड्याचा असतो. तो पुढून तळाखालून मागे जातो, म्हणून पुढे अक्षरं सरळ असली की मागे उलटीच येणार. उलट, स्पीडीच्या दोन्ही बाजूंना अक्षरं सरळ दिसली तर बॅग पालथी करून बघा, तळाला जोड सापडेल. स्वस्त नकला इथंच पकडल्या जातात, कारण नकलाकारालाही वाटतं की उलटी अक्षरं गिऱ्हाईक घेणार नाही. पण हा नियम सगळ्या मॉडेलांना लावू नका. ज्यांचा पुढचा-मागचा भाग वेगवेगळा कापलेला असतो, तिथं दोन्हीकडे अक्षरं सरळच असतात.

मग कार्ड हातात घेतलं. ते खोटं होतं. भिंगाची गरजच नव्हती, कारण लुई व्हिटॉन असं कार्ड देतच नाही. शनेलच्या बॅगांना पूर्वी नंबराचं कार्ड यायचं, २०२१ पर्यंत. लोकांनी तीच अपेक्षा सगळ्या कंपन्यांकडून धरली. गिऱ्हाईक कार्ड मागतं, म्हणून बाजारात कार्ड छापून मिळतं. मुलीचा चेहरा पडला. मी म्हटलं, "ताई, थांबा. कार्ड खोटं म्हणजे बॅग खोटी, असं अजून ठरलेलं नाही."

आत खिशाजवळच्या चामडी जिभेवर कोड होता: एसपी ००९५. १९९० ते २००६ पर्यंतच्या कोडात पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे सप्टेंबर २००५. २००७ पासून पहिला-तिसरा आकडा महिन्याऐवजी आठवडा सांगतो. 'एसपी ५०८७' असा कोड दिसला तर तो २००७ सालचा ५८ वा आठवडा होतो; असा आठवडा कुठल्याच कॅलेंडरात नाही. कोडातली अक्षरं कारखाना सांगतात. एसपी फ्रान्सचं, तेव्हा चामड्यावर दाबलेल्या कंपनीच्या नावाच्या शिक्क्यावरही 'मेड इन फ्रान्स' हवं, आणि इथं ते होतं. मार्च २०२१ पासून कोड बंद होऊन आत चिप येऊ लागली, त्यामुळे २०२२ ची म्हणून दाखवलेली बॅग आणि आत छापील कोड, असं दिसलं तर पुढे बोलायचीही गरज नाही.

पण कोड जुळला म्हणून नाचायचं नाही. तो बॅगेचा स्वतःचा नंबर नाही. एकच कोड अनेक बॅगांवर असतो आणि नकलाकार तो जसाच्या तसा उतरवतो. न जुळलेला कोड बॅग बाद करतो, जुळलेला काहीच सिद्ध करत नाही. कुलूप-किल्लीचंही तेच. दोन्हींवर एकच नंबर हवा हे खरं, पण कुलूप सुटं निघतं आणि सुटं विकलंही जातं.

म्हणून दहापट भिंग काढलं. शिक्क्यातला ओ जवळजवळ पूर्ण गोल, एलची आडवी रेघ आखूड, दोन टी एकमेकांना चिकटायच्या बेतात. सगळं जागच्या जागी. चेनच्या दोन्ही टोकांचं चामडं आणि कडेचा गोट मधासारखा तपकिरी झालेला, तोही एकसारखा नाही: कोपऱ्यांवर काळपट, घडीत फिका. हे चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं आणि वरून काहीही न लावलेलं असतं. ऊन, हवा आणि हाताचा घाम लागून ते वर्षानुवर्षं गडद होत जातं. इथवर बॅग खरी.

आणि मग हँडल. त्याचाही रंग मधासारखाच होता, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. वीस वर्षं हातात धरलेलं हँडल मधोमध, पकडीच्या जागी, सगळ्यात काळं पडतं. ओला करून पिळलेला कापसाचा बोळा खालच्या बाजूला टेकवला. (हे पुढच्या बाजूला कधीही करू नका, डाग राहतो.) गोटाच्या आतल्या बाजूला पाणी लगेच शोषलं गेलं, हँडलवर थेंब तसाच बसून राहिला. म्हणजे वर काहीतरी चोपडलेलं. कडांचा लाल रंगही चकचकीत आणि जाड. मूळ रंग मंद, वाइनकडे झुकणारा असतो. दोरा पिवळाच, पण पॉलिस्टरचा, चमकणारा.

पक्का पुरावा हँडल धरणाऱ्या चामडी तुकड्यापाशी मिळाला. नवा तुकडा जुन्यापेक्षा सुताभरानं लहान कापलेला, त्यामुळे कडेला कॅनव्हासची एक रंग न उडालेली, गडद रेघ उघडी पडली होती, आणि त्या रेघेत दोरा नसलेली भोकं ओळीनं. आतल्या बाजूला रिव्हेट कोरं. मूळ रिव्हेटवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं.

माझा कारागीर चामड्याची खेळणी करणाऱ्या घरातला. घोडे-हत्ती शिवता शिवता त्याचा हात तयार झालाय. त्यानं टाके बघितले आणि म्हणाला, "हात चांगला आहे भिया, ज्यानं केलंय त्याचा." खरंच चांगला होता. चारही तुकड्यांवर टाके सारखे, थोडे तिरपे, ताण एकसारखा. अशी हँडलं मीही बसवतो, पण पावतीवर लिहून देतो.

मुलगी म्हणाली, "काका, एका शब्दात सांगा. खरी की खोटी?"

तेच जमेना. मी चिठ्ठीवर लिहिलं: कॅनव्हास, अस्तर, चेन, गोट, शिक्का मूळ, दोन्ही हँडलं, चार तुकडे आणि रिव्हेट बदललेले, कार्ड कंपनीचं नाही. त्या खोट्या कार्डानंच या खऱ्या बॅगेची किंमत पाडली, हे मला अजून पचत नाही. विकणाऱ्या बाईंनी कार्ड लावलंच नसतं आणि 'हँडल बदललंय' एवढं सांगितलं असतं, तर बॅग कमी भावात का होईना, सरळ विकली गेली असती. पण मग गिऱ्हाइकानं विचारलं असतं, कार्ड कुठाय? कोणाला दोष द्यावा?

फोटोवरून घेणाऱ्यांनी निदान एवढे फोटो मागावेत: तळ, पुढची आणि मागची बाजू समोरून, शिक्का जवळून, आतला कोड, चारही हँडल-तुकडे आतून-बाहेरून, गोटाचे कोपरे. फोटो दिवसाच्या उजेडात हवेत, कारण पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक हँडल मधाळ दिसतं. 'सेलमध्ये घेतली' हे वाक्य कानावर आलं की निघावं. ही कंपनी सेल लावत नाही.

मायलेकींनी बॅग परत केली. दोन दिवसांनी त्या बाईंचाच फोन आला. भांडायला असेल असं वाटलं, पण त्यांचा आवाज गोड. "तुमच्याकडे त्या कडांचा लाल रंग जरा जुनाट करून मिळेल का?"

काम अर्ध्या तासाचं आहे. लाल रंगात थोडा तपकिरी मिसळायचा, पॉलिश पेपरनं चमक मारायची, वर मेण. मी नाही म्हटलं. कुणीतरी हो म्हणेलच, त्यामुळे नुसत्या कडांवर जाऊ नका. हँडलच्या तुकड्यालगत दोरा नसलेली भोकं शोधा. कॅनव्हासला पडलेलं भोक बुजवता येत नाही.