मुताबोराच्या खापरामागे

शिनो ही जाड, दुधाळ झिलईची जपानी भांडी सेतो गावात घडत, असे १९३० पर्यंत सर्वजण धरून चालले होते. त्या वर्षी अराकावा तोयोझो या कुंभाराने नागोयात बांबूच्या कोंबाचे चित्र असलेला एक जुना चहाचा वाडगा उलटा करून पाहिला आणि त्याच्या बुडाशी चिकटलेला तांबूस मातीचा कण त्याला खटकला. भट्टीत भांड्याखाली ठेवायच्या टेकूची ती माती सेतोची नव्हती. गिफू प्रांतातल्या मुताबोरा येथे शोध घेतल्यावर त्याला तसेच चित्र असलेले खापर सापडले, म्हणजे ही भांडी सेतोची नसून इथली होती हे उघड झाले, आणि १९३३ मध्ये त्याने तिथेच मोमोयामा काळातल्यासारखी (सोळाव्या शतकाच्या अखेरीची), अर्धी जमिनीत गाडलेली भट्टी बांधली.

नागोयाहून चुओ मार्गाच्या गाडीने साधारण ४० मिनिटांत ताजिमी येते. पुढे मुताबोरापर्यंत टॅक्सी करावी आणि परतीसाठी तिला थांबवूनच ठेवावे. आम्ही ती सोडून दिली आणि झाडीतल्या रस्त्याने बरेच अंतर पायी तुडवले. उन्हाळ्यात हे धाडस करू नये, कारण २००७ च्या ऑगस्टमध्ये याच ताजिमीत ४०.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अराकावांच्या नावाचे छोटे संग्रहालय तिथे आहे, पण ते कधी उघडे असते याची आधी खात्री करून घ्यावी. आवारातली खापरे उचलू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

ताजिमीचे आधुनिक मृत्कला संग्रहालय मुताबोरानंतर पाहावे. आम्ही क्रम उलटा ठेवला आणि फसलो. कुंभार सुझुकी ओसामु यांचा शिनो वाडगा तिथे मी नुसताच देखणा म्हणून पाहिला. झिलईवरची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि कडेला, जिथे झिलई पातळ होते तिथे, उमटलेली विस्तवासारखी लाली ही जुन्या शिनोची लक्षणे त्यांनी गॅसच्या भट्टीत साधली आहेत, याचे मोल मुताबोराची लाकूड जाळून तापवायची भट्टी पाहून आल्यावरच कळते. नुसती जुन्याची नक्कल करणाऱ्यांपेक्षा मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटला.

परतीच्या वाटेवर तोक्यो असेल, तर मित्सुई स्मारक संग्रहालयातला ‘उनोहानागाकी’ हा राष्ट्रीय ठेवा ठरलेला शिनो वाडगा चुकवू नये. तो मुताबोराच्याच जुन्या भट्टीतला मानला जातो. मात्र तो कायम मांडलेला नसतो, म्हणून तारखा पाहूनच तिकीट काढावे.